वाघोलीहून, धायरीहून, उंड्रीहून: पुण्यात दवाखाना किती लांब, हे कसं मोजायचं

पुण्याच्या नकाशावर मोठ्या रुग्णालयांच्या जागी ठिपके दिले तर दोन दाट पुंजके दिसतात. एक पुणे स्टेशनच्या आसपास: १८६७ चं ससून, त्याच्याच रस्त्यावर जहांगीर आणि रुबी हॉल, थोडं पुढे रास्ता पेठेतलं केईएम, मंगळवार पेठेतलं महापालिकेचं कमला नेहरू. दुसरा डेक्कन, कर्वे रस्ता, एरंडवणे या पट्ट्यात, जिथे सह्याद्री आणि दीनानाथ मंगेशकर आहेत. त्यापलीकडे हडपसर, खराडी, बाणेर, धनकवडी इथे एकेकटी मोठी रुग्णालयं. आणि त्याही पलीकडे महापालिकेत नव्याने समाविष्ट झालेली गावं. तिथे पाट्या भरपूर दिसतात, पण त्यातल्या बहुतेक दहा-वीस खाटांच्या नर्सिंग होमच्या असतात.

हे असं का झालं याचं उत्तर सरळ आहे. लष्कराचा कॅम्प आणि रेल्वे स्टेशन जिथे होतं तिथे पहिली मोठी रुग्णालयं आली. मोठे डॉक्टर एका दिवसात दोन-तीन रुग्णालयांत राउंड घेतात, त्यामुळे त्यांना ती एकमेकांजवळ हवी असतात. रक्तपेढी, तपासणी केंद्रं, औषधांची दुकानं त्यांच्याभोवती जमतात आणि नवीन रुग्णालयालाही तिथेच जागा घ्यावीशी वाटते. खाजगी रुग्णालय शहराबाहेर सरकतं ते विमा असलेला पगारदार ग्राहक जिथे राहायला गेला तिथे. म्हणून बाणेरला आणि नगर रस्त्यावर खाजगी रुग्णालयं आधी आली. खडकवासल्याकडे किंवा कात्रज घाटाच्या पायथ्याशी तितकी आली नाहीत.

दरम्यान शहराची हद्द पळत सुटली. ऑक्टोबर २०१७ मध्ये ११ गावं महापालिकेत आली: लोहगाव, धायरी, उंड्री, दोन्ही आंबेगावं, शिवणे-उत्तमनगर वगैरे. जून २०२१ च्या अखेरीस आणखी २३ आली: वाघोली, मांजरी बुद्रुक, नऱ्हे, नांदेड, किरकटवाडी, खडकवासला, सूस, म्हाळुंगे, पिसोळी, जांभुळवाडी, कोळेवाडी अशी. तेव्हा पुणे महापालिका क्षेत्रफळात मुंबई महापालिकेहून मोठी झाली. (उरुळी देवाची आणि फुरसुंगी नंतर वेगळी काढली.) हद्द एका अधिसूचनेने वाढते. डॉक्टर, परिचारिका आणि शस्त्रक्रियागृह अधिसूचनेने येत नाहीत.

आता मुद्द्याची गोष्ट. "शहरात खाटा किती" हा प्रश्न विचारला की उत्तर बरं येतं आणि चर्चा तिथेच थांबते. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात मात्र नुसता आकडा नाही. दर हजार लोकसंख्येमागे २ खाटा असाव्यात आणि त्या "गोल्डन अवर"मध्ये, म्हणजे पहिल्या तासाच्या आत पोहोचता येईल अशा रीतीने विखुरलेल्या असाव्यात, असं त्यात म्हटलं आहे. वाक्याचा पहिला अर्धा सगळे उद्धृत करतात. पुण्याची अडचण दुसऱ्या अर्ध्यात आहे.

खाटांची सरासरी कशी फसवते ते एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. आकडे सोपे घेतले आहेत, पण संशोधक आणि नियोजनकार खरोखर याच रीतीने हिशेब करतात.

शहरात दोनच रुग्णालयं आहेत असं धरा. मध्यभागातल्या 'क' मध्ये ३०० खाटा, कडेच्या 'ख' मध्ये ५०. प्रत्येक रुग्णालयापासून ३० मिनिटांत पोहोचता येईल असा परिसर नकाशावर आखायचा. समजा 'क' च्या परिसरात ६ लाख लोक येतात, 'ख' च्या परिसरात ५ लाख, आणि त्यातले ३ लाख दोन्हींत मोडतात. म्हणजे शहर ८ लाखांचं. सरासरी काढली तर ३५० भागिले ८ लाख, दर हजारी सुमारे ०.४४ खाटा.

पहिली पायरी: प्रत्येक रुग्णालयाच्या खाटा त्याच्या परिसरातल्या लोकांत वाटून टाकायच्या. 'क' चे दर हजारी ०.५, 'ख' चे ०.१. दुसरी पायरी: आता माणसाच्या बाजूने बघायचं. त्याला ३० मिनिटांत जी जी रुग्णालयं गाठता येतात त्यांचे आकडे जोडायचे. ज्याला दोन्ही गाठता येतात त्याच्या वाट्याला ०.६. ज्याला फक्त 'क', त्याला ०.५. आणि ज्या २ लाख लोकांना फक्त 'ख' गाठता येतं त्यांच्या वाट्याला ०.१. एकाच महापालिकेचा मिळकतकर भरणाऱ्या दोन घरांत सहापटीचा फरक, आणि सरासरीत त्याचा मागमूस नाही.

हेच गणित संध्याकाळी सात वाजता पुन्हा करा. रस्ते तुंबले की ३० मिनिटांचा परिसर आक्रसतो. दोन्हींत मोडणाऱ्या ३ लाखांपैकी निम्मे 'क' पासून तुटले, तर 'क' च्या परिसरात साडेचार लाख उरतात. त्यांचा आकडा ०.५ वरून ०.६७ होतो. म्हणजे वाहतूक कोंडीमुळे मध्यभागातल्या माणसाची स्थिती कागदावर सुधारते, कारण लांबचे लोक पोहोचूच शकत नाहीत! फक्त 'ख' वर विसंबलेले लोक मात्र २ लाखांवरून साडेतीन लाख होतात. मध्यभागात राहून "पुण्यात आरोग्यसेवा उत्तम आहे" असं प्रामाणिकपणे वाटतं ते यामुळेच.

या पद्धतीतही खोट आहे. २९ मिनिटांवरचा माणूस आत आणि ३१ मिनिटांवरचा बाहेर, हे कृत्रिम आहे. म्हणून सुधारित पद्धतीत अंतर वाढेल तसं वजन हळूहळू कमी करतात. दुसरी खोट हद्दीची. ससूनमध्ये सगळ्या जिल्ह्यातून आणि शेजारच्या जिल्ह्यांतूनही रुग्ण येतात, तर हद्दीजवळचे पुणेकर पिंपरीच्या यशवंतराव चव्हाण रुग्णालयात (वायसीएममध्ये) जातात. फक्त पुणे महापालिकेची लोकसंख्या भागायला घेतली की ससूनच्या खाटा आहेत त्याहून जास्त वाटतात. शिवाय लोकसंख्येचा अधिकृत आकडा अजून २०११ च्या जनगणनेचा वापरला जातो. तेव्हा वाघोली किंवा उंड्री ही गावं होती. आज तिथे बारा-बारा मजली सोसायट्यांच्या रांगा आहेत.

मिनिटं कशी मोजायची हा वेगळा आणि महत्त्वाचा विषय आहे. नकाशावर पट्टी ठेवून काढलेलं अंतर पुण्यात निरुपयोगी आहे. मुळा आणि मुठा ओलांडायला ठरावीकच पूल. वेताळ टेकडीला वळसा. लोहगावला विमानतळ आणि हवाई दलाची जागा, कॅम्प आणि खडकीला लष्करी हद्द. कात्रजच्या पायथ्याच्या मांगडेवाडी, भिलारेवाडी, जांभुळवाडीतून शहरात यायचं तर महामार्गाचा प्रश्न; नवले पुलाशी एक अपघात झाला की नऱ्हे, आंबेगाव, धायरी एकदम अडकतात. वाघोली ते ससून सुमारे १५ किलोमीटर. पहाटे चारला हे अंतर काहीच नाही; सकाळी साडेनऊला खराडी, विमाननगर, शास्त्रीनगर, येरवडा असा एकेक चौक पार करताना त्याच अंतराला दोन-तीन पट मिनिटं लागतात.

पुण्याचं कॅलेंडरही या हिशेबात धरावं लागतं. खडकवासल्यातून विसर्ग वाढला की बाबा भिडे पूल पाण्याखाली जातो आणि डेक्कन ते नारायण पेठ हा जवळचा रस्ता बंद होतो. जुलै २०२४ मध्ये सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत पाणी शिरलं. अशा वेळी रस्त्यावरच बोटीची गरज पडते. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी, केळकर, कुमठेकर, टिळक रस्ता बंद असतात आणि मिरवणूक २४ तासांहून अधिक चालते. पालखीच्या दिवसांतही तेच. पेठांतल्या आणि नदीपलीकडच्या गरोदर बाईची तारीख या दिवसांच्या आसपास असेल तर कोणत्या बाजूच्या रुग्णालयात जायचं हे आठवडाभर आधी ठरवलेलं बरं.

रस्त्यावरची मिनिटं हा एकूण वेळेचा फक्त एक तुकडा असतो. १०८ ला फोन, पत्ता समजावून सांगणं, गाडी निघणं, ती तुमच्यापर्यंत येणं, सोसायटीच्या गेटवर नोंद, लिफ्ट, स्ट्रेचर, मग प्रवास, मग कॅज्युअल्टीच्या दारापासून डॉक्टरच्या हातापर्यंतचा वेळ. नव्या उंच इमारतींत स्ट्रेचर मावेल अशी लिफ्ट कोणती, हे सुरक्षारक्षकाला माहीत नसतं आणि इथेच पाच-दहा मिनिटं जातात. खडकाळ वस्तीत किंवा वाघोलीच्या खाणींजवळच्या मजूर वस्तीत गाडी आतपर्यंत येत नाही. तिथे रुग्णाला उचलून मुख्य रस्त्यावर आणावं लागतं आणि तो वेळ कुठल्याच नकाशात दिसत नाही.

कोणत्या आजाराला किती वेळ आहे हे कळलं की अंतराचा अर्थ कळतो. बाळंतपणानंतर जोराचा रक्तस्राव सुरू झाला तर साधारण दोन तासांत आईचा जीव जाऊ शकतो. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं औषध साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन झालेला असावा लागतो. हृदयविकाराच्या झटक्यात रुग्णालयात पोहोचल्यापासून १० मिनिटांत ईसीजी आणि ९० मिनिटांत अँजिओप्लास्टी हे मानक आहे. अँजिओप्लास्टीच्या ठिकाणी न्यायला दोन तासांहून जास्त लागणार असतील तर आधी आहे तिथेच गुठळी विरघळवणारं इंजेक्शन देतात. विषारी साप चावल्यावर सुरुवातीलाच प्रतिविषाच्या ८ ते १० कुप्या लागतात. ज्या दवाखान्यात दोन कुप्या आहेत तो या रुग्णापुरता असून नसल्यासारखा. म्हणून "जवळचं रुग्णालय" हा शब्दच अपुरा आहे. या आजाराची, या तासाला, सोय असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं, हा खरा प्रश्न.

तातडीच्या आजारांइतकंच हळू चालणाऱ्या आजारांचं अंतर लोकांना मोडतं, आणि त्याची बातमी होत नाही. डायलिसिसला आठवड्यातून दोन-तीन वेळा, प्रत्येकी चार तास बसावं लागतं. खडकवासल्याहून स्टेशनजवळच्या केंद्रात जाणाऱ्या माणसाचे जाऊन-येऊन दोन-तीन तास दर वेळी वेगळे. सोबत येणाऱ्याचा रोजगार बुडतो. मग आठवड्याच्या तीनऐवजी दोन वेळा, पावसात एकच, असं होत होत तब्येत ढासळते. मेट्रोने यात थोडा फरक पाडला आहे: वनाज–रामवाडी मार्गावर पुणे रेल्वे स्टेशन आणि रुबी हॉल अशी स्थानकं आहेत, तर दुसऱ्या मार्गावरचं संत तुकाराम नगर स्थानक वायसीएमच्या जवळ पडतं. पण धायरी, उंड्री, वाघोलीच्या माणसाला आधी मेट्रोपर्यंत यायचं असतं.

अंतराची आणखी एक जात आहे: पैशाची. दारासमोर रुग्णालय असून डिपॉझिट नसेल तर ते दूरच असतं. इथे कायदा रुग्णाच्या बाजूने आहे, पण तो माहीत असावा लागतो. धर्मादाय न्यासाच्या रुग्णालयांना महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१ कक खाली आणि उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी निम्म्या दरात ठेवाव्या लागतात. उत्पन्नाची मर्यादा निर्धनांसाठी वर्षाला १ लाख ८० हजार, दुर्बल घटकांसाठी ३ लाख ६० हजार. तातडीच्या रुग्णाला डिपॉझिट न मागता आधी दाखल करून जीव वाचवण्याचे उपचार द्यायचे, हेही त्याच योजनेत आहे. तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला आणि रेशनकार्ड घेऊन रुग्णालयाच्या वैद्यकीय समाजसेवकाकडे जायचं. बिल झाल्यावर जाण्यापेक्षा दाखल होतानाच नोंद झाली तर काम सोपं होतं. महात्मा फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. त्यासाठी योजनेतल्या रुग्णालयात 'आरोग्यमित्र' (योजनेचा मदतनीस) कुठे बसतो ते आधी विचारायचं. महापालिकेची शहरी गरीब योजनाही आहे. पण जुनी, नावाजलेली धर्मादाय रुग्णालयं बहुतेक त्या दोन पुंजक्यांतच आहेत. म्हणजे गरिबांच्या राखीव खाटाही गरीब जिथे राहायला ढकलले गेले तिथून लांब आहेत. आम्हाला या सगळ्या विषयात सर्वांत जास्त अस्वस्थ करणारी गोष्ट हीच वाटते.

मग कडेला सरकारी रुग्णालय बांधलं की झालं? इमारत हा सोपा भाग आहे. गाव असताना निकष होता: सपाटीवर ३० हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र, ५ हजारांमागे एक उपकेंद्र, चालवणार जिल्हा परिषद. शहर झाल्यावर निकष बदलतो: २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय नागरी आरोग्य अभियानानुसार ५० हजारांमागे एक नागरी आरोग्य केंद्र. ही केंद्रं ताप, लसीकरण, गरोदरपणातल्या तपासण्या, रक्तदाब-साखर यांसाठी फार उपयोगी आहेत. पण तिथे रात्री सिझेरियन होत नाही.

रात्री सिझेरियन व्हायला काय लागतं ते मोजून पाहा. स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ. आठवड्याचे १६८ तास. एका डॉक्टरकडून ४८ तास काम धरलं तर एकच जागा सतत भरलेली ठेवायला साडेतीन माणसं लागतात, आणि रजा, आजारपण, प्रशिक्षण धरून साडेचार ते पाच. तीन तज्ज्ञांच्या जागा म्हणजे १३ ते १५ डॉक्टर, फक्त एका छोट्या केंद्रासाठी. महापालिकेने एकेक तज्ज्ञ नेमला की कागदावर "सर्व तज्ज्ञ उपलब्ध" असं लिहिता येतं, आणि रात्री अकरानंतर येणाऱ्या बाईला "कमला नेहरूला जा, नाहीतर ससूनला जा" असं सांगितलं जातं. यात कुणा एका डॉक्टरचा दोष नसतो. एका माणसाने सातही रात्री जागायचं ही अपेक्षाच चुकीची. त्यातही भूलतज्ज्ञ मिळणं सर्वांत अवघड. खाजगीत त्याला प्रत्येक शस्त्रक्रियेमागे मिळणारे पैसे आणि महापालिकेचा कंत्राटी पगार यांत मोठी तफावत आहे.

दुसरी अडणारी गोष्ट रक्त. प्रत्येक केंद्राला रक्तपेढी नको, रक्तसाठवण केंद्र पुरतं: अन्न व औषध प्रशासनाची मंजुरी, एका मूळ रक्तपेढीशी जोडणी, २ ते ६ अंश तापमान राखणारा खास फ्रीज, अखंड वीज आणि रक्तगट जुळवून पाहणारा तंत्रज्ञ. हा खर्च रुग्णालयाच्या इमारतीपुढे किरकोळ आहे. पण तंत्रज्ञ फक्त दिवसा असेल तर रात्री फ्रीज भरलेला असूनही रक्त देता येत नाही.

म्हणून आमचं स्पष्ट मत असं: मध्यभागात आणखी एक मोठी इमारत उभारण्याआधी पूर्वेला वाघोली–मांजरी, दक्षिणेला उंड्री–कात्रज आणि नैर्ऋत्येला धायरी–खडकवासला या तीन दिशांना प्रत्येकी एक असं प्रसूतिकेंद्र खऱ्या अर्थाने २४ तास चालवावं. दहा ठिकाणी दिवसा चालणारी प्रसूतिगृहं पसरण्यापेक्षा तीन ठिकाणी रात्रपाळ्या पूर्ण भरलेल्या असणं जास्त जीव वाचवेल. यात काही जणांना दिवसा थोडं लांब जावं लागेल, हे खरं आहे. जागा ठरवतानाही दोन वेगळी गणितं असतात. सगळ्यांचा सरासरी प्रवास कमी करायचा तर केंद्र दाट वस्तीकडे सरकतं. सर्वांत दूरच्या माणसाचा प्रवास कमी करायचा तर ते कडेकडे सरकतं. तातडीच्या सेवेसाठी दुसरं गणित आणि नेहमीच्या ओपीडीसाठी पहिलं, असं आम्ही धरू.

रुग्णवाहिकांनाही हेच लागू. १०८ च्या गाडीत डॉक्टर असतो, पण ती मोठ्या रुग्णालयाच्या आवारातच उभी असेल तर कडेच्या रुग्णासाठी तिला कोंडीतून दोनदा जावं लागतं. गर्दीच्या वेळी गाड्या कोंडीच्या पलीकडे, वाघोली किंवा नऱ्ह्यात उभ्या ठेवल्या तर एक फेरी वाचते. गरोदर बाया आणि तान्ह्या बाळांसाठी १०२ ची वेगळी सेवा आहे, हे अनेक घरांत माहीतच नसतं.

तुमच्या भागाचं अंतर तुम्ही स्वतः मोजू शकता. एका रविवारचं काम आहे. सोसायटीच्या किंवा वस्तीच्या गेटपासून पाच-सहा रुग्णालयं निवडा, त्यांत एक सरकारी, एक महापालिकेचं आणि एक धर्मादाय असू द्या. मोबाइलच्या नकाशावर चारचाकीचा वेळ पहाटे ४, सकाळी साडेनऊ आणि संध्याकाळी ७ असा तीनदा बघून लिहा. दुचाकीचा वेळ धरू नका, तो नेहमी कमी दिसतो. मग प्रत्येक ठिकाणी रात्री दहानंतर फोन करून विचारा: आत्ता सिझेरियन होईल का? नवजात बाळासाठी अतिदक्षता आहे का? सीटी स्कॅन रात्री चालू असतो का? सर्पदंशाचं औषध आहे का, किती? महात्मा फुले योजना लागू आहे का? "डॉक्टर ऑन कॉल आहेत" असं उत्तर आलं तर ते यायला किती वेळ घेतात तेही विचारा, आणि तो वेळ प्रवासाच्या वेळेत मिळवा. हा तक्ता लिफ्टजवळ आणि गेटवरच्या केबिनमध्ये लावा. खाली स्ट्रेचरची लिफ्ट कोणती, हे ठळक अक्षरांत लिहा. दर सहा महिन्यांनी पुन्हा फोन करा, कारण डॉक्टर बदलतात.

आणि क्षेत्रीय कार्यालयात "आम्हाला हॉस्पिटल हवं" एवढंच मागू नका. त्याचं उत्तर भूमिपूजनाने देता येतं. माहिती अधिकारात १० रुपयांच्या अर्जावर ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. अर्जात आपल्या भागातल्या महापालिका रुग्णालयाचं नाव घालून चार गोष्टी विचारा: स्त्रीरोग, भूल आणि बालरोगतज्ज्ञांची मंजूर पदं किती आणि भरलेली किती, गेल्या तीन महिन्यांचा रात्रपाळीचा तक्ता, रात्री ८ ते सकाळी ८ या वेळेत झालेली सिझेरियन किती, आणि याच वेळेत दुसरीकडे पाठवलेल्या रुग्ण स्त्रिया किती, कोणत्या कारणाने.